नकाशात शेततळं दिसेना: शिवाराचं ताजं उपग्रह चित्र शोधताना

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमची थोडी जमीन आहे आणि मी पुण्यात राहतो. गेल्या मार्चमध्ये चुलतभावाचा फोन आला. "दादा, तळं होऊन सहा महिने झाले. प्लास्टिकचा कागद टाकला, पाणी भरलं. अन् नकाशात बघावं तर तिथं अजून नुसती पडीकच दिसतीय." त्याला तळ्यापासून वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइनचं अंतर मोजायचं होतं, आणि ज्या चित्रावर मोजायचं त्या चित्रात तळंच नव्हतं.

असा फोन मला वर्षातून बऱ्याचदा येतो. कुणाची विहीर दिसत नसते, कुणाचा नवा गोठा, कुणाला शेजाऱ्याने ओढा कधी वळवला ते बघायचं असतं. गावापासून लांब राहणाऱ्या माणसाला जमिनीवर नजर ठेवायला हे एक साधन आहे, म्हणून मी ते बरीच वर्षं मन लावून वापरतोय. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. शेताचं सगळ्यांत स्वच्छ चित्र आणि सगळ्यांत ताजं चित्र ही दोन वेगळी चित्रं असतात आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी मिळतात. लोकांचा सगळा वेळ जातो तो दोन्ही एकाच ठिकाणी शोधण्यात. ज्या चित्रात झाडाची सावली, विहिरीचं तोंड, बांधावरची बाभळ दिसते, ते खाजगी कंपन्यांच्या उपग्रहांनी टिपलेलं असतं. त्यातला एक ठिपका जमिनीवर अर्धा मीटर किंवा त्याहून लहान असतो. पण हे उपग्रह मागणी असेल तिकडे आधी वळतात, आणि मागणी शहरांची, बंदरांची, मोठ्या प्रकल्पांची असते. आपल्या शिवाराची पाळी दोन-तीन वर्षांनी येते, कधी त्याहून उशिरा. उलट सार्वजनिक पैशातून चालणारे काही उपग्रह सगळ्या जमिनीवरून ठरलेल्या दिवशी जातात आणि मिळेल ते टिपतात. त्यांची चित्रं आठवड्याच्या आतली मिळतात, पण ढोबळ असतात.

समोरचं चित्र कधीचं आहे?

दहातल्या सात तक्रारी इथेच मिटतात. गूगल मॅप्सवर उपग्रह चित्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक वर्ष लिहिलेलं असतं. चालू वर्ष दिसलं की लोकांना वाटतं चित्र यंदाचं. ते वर्ष हक्क कुणाचा हे सांगण्यापुरतं असतं, त्याचा चित्र टिपल्याच्या दिवसाशी संबंध नाही. खरी तारीख बघायची तर संगणकावर गूगल अर्थ प्रो घ्या. २०१५पासून ते फुकट आहे. शेतावर झूम केलं की खालच्या पट्टीत चित्राची तारीख येते. झूम पुरेसा करा, कारण लांबून बघताना दिसतं ते अनेक वर्षांचे तुकडे जोडून केलेलं मिश्रण असतं.

आता वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करा. जुन्या चित्रांची फीत उघडते. पुष्कळांना वाटतं की इथे फक्त जुनं मिळणार, म्हणून ते इकडे येतच नाहीत. पण पहिल्यांदा समोर येणारं चित्र हे नेहमीच सगळ्यांत ताजं नसतं. आजूबाजूच्या चित्रांशी रंग जुळणारं, ढग नसलेलं चित्र वर ठेवलेलं असतं, आणि त्याच्या नंतरचं एखादं चित्र फितीत मागे पडून असतं. स्लायडर अगदी उजव्या टोकाला ओढून बघा. मला दोन वेळा असं वर्षभर अलीकडचं चित्र मिळालंय. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्येही आता ही फीत बघता येते, पण तारखा नीट चाळायला संगणकच बरा.

दोन खाचखळगे. फितीत ३१ डिसेंबर अशी तारीख आणि खाली लँडसॅट-कोपर्निकस असं नाव दिसलं, तर ते त्या दिवशी टिपलेलं चित्र नाही, वर्षभराच्या चित्रांचं मिश्रण आहे. त्यावरून काही ठरवू नका. दुसरं, उपग्रहाच्या चित्राचा पट्टा संपून दुसरा सुरू होतो ती रेघ कधीकधी नेमकी आपल्या शेतातून जाते. अर्धं शेत हिरवं आणि अर्धं काळं दिसतंय, मध्ये सरळ रेघ आहे, अशा वेळी दोन्ही बाजूंना कर्सर नेऊन तारीख वेगवेगळी बघा.

तारीख कुठेच मिळत नसेल तर शेतच वाचायचं, आणि हे काम आपल्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. सोयाबीन निघालंय आणि तूर उभी आहे म्हणजे ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. सगळं रान काळंभोर नांगरलेलं आहे म्हणजे मार्च ते मे. खाजगी उपग्रहांची बरीचशी चित्रं उन्हाळ्यातलीच असतात, कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं; म्हणून चित्रात शेत उजाड दिसलं तरी ते पडीक आहे असं समजू नका. वर्ष ठरवायला गावातली खूण शोधा. आमच्याकडे औसा-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला तो चित्रात आहे की नाही, यावरून मी जुनी चित्रं लगेच वेगळी करतो. तुमच्याकडे एखादा पूल, शाळेची नवी इमारत, पाण्याची टाकी असेल.

वेबॅक नावाची दुसरी फीत

एस्री या कंपनीच्या नकाशाची जुनी रूपं वर्ल्ड इमेजरी वेबॅक या संकेतस्थळावर २०१४पासून जपलेली आहेत. गूगलवर नसलेलं चित्र इथे मिळण्याची शक्यता चांगली असते, कारण चित्रं घेण्याचं दोघांचं वेळापत्रक वेगळं आहे. मात्र डावीकडे दिसणाऱ्या तारखा त्या नकाशाची आवृत्ती प्रसिद्ध झाल्याच्या आहेत. मागच्या महिन्याच्या आवृत्तीतही आपल्या गावाचं चित्र चार वर्षांपूर्वीचं असू शकतं. नकाशात शेतावर क्लिक केलं की छोट्या चौकटीत चित्र टिपल्याची तारीख, उपग्रह आणि बारकावा दिसतो, तीच खरी. फक्त आपल्या भागात बदल झालेल्या आवृत्त्या दाखवा, अशी एक खूण तिथे करता येते. ती केली की शंभराहून जास्त तारखांमधून मोजक्याच उरतात. बिंगचा नकाशाही एकदा उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

जागाच चुकत नाही ना?

गट नंबर टाकून गूगलवर शेत सापडत नाही. सातबारा आणि उपग्रह चित्र यांची तिथे गाठ पडलेली नाही. गावातल्या माणसाला शेताच्या मधोमध उभं करून व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगा, हा सगळ्यांत सोपा मार्ग. पाठवण्याआधी दोन मिनिटं उघड्यावर थांबायला सांगा, झाडाखाली किंवा पत्र्याखाली नको. आकडे हातानं टाकत असाल तर अक्षांश आधी, रेखांश नंतर. औशाजवळ हे साधारण १८ आणि ७६ येतात. उलटे पडले तर थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्डजवळच्या समुद्रात जाल, आणि मग नकाशा बिघडला असं वाटेल.

ताजं चित्र: एक पिक्सेल म्हणजे एक आर

आता मुख्य गोष्ट. युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ हे उपग्रह जगातली जवळपास सगळी जमीन दर पाच दिवसांनी टिपतात आणि ती चित्रं सर्वांना फुकट असतात. पहिला उपग्रह जून २०१५मध्ये सुटला, दुसरा मार्च २०१७मध्ये, तिसरा सप्टेंबर २०२४मध्ये. आपल्यावरून ते सकाळी अकराच्या सुमारास जातात आणि चित्र साधारण एक-दोन दिवसांत बघायला मिळतं. बघायचं ते कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर. काही उतरवून घ्यायचं असेल तर खातं काढावं लागतं, तेही फुकट आहे.

याचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, १० मीटर बाय १० मीटरचा. म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक आर! सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. ०.८० हेक्टर असेल तर तुमचं शेत चित्रात ८० ठिपक्यांचं. गुंठ्यात विचार करत असाल तरी चालेल, गुंठा १०१ चौरस मीटरचा, फरक नगण्य. आपल्याला जे बघायचंय ते किती ठिपक्यांत बसतं हे आधी मोजा. ३० बाय ३० मीटरचं शेततळं म्हणजे नऊ ठिपके. कडेचे ठिपके बांधाच्या मातीत मिसळतात, तरी मधले चार-पाच स्वच्छ काळे दिसतात. ओळखू येतं. विहिरीचा घेर एका ठिपक्यातच संपतो, म्हणून विहीर शोधायला इथे येऊ नका. गोठा, बांध, पाणंदीवरचं अतिक्रमण यातलं काहीही इथे भरवशानं दिसणार नाही. शेत पेरलंय का, कधी पेरलं, कधी काढलं, ऊस उभा आहे की तुटला, तळ्यात पाणी आहे का, एवढं मात्र तारखेनिशी कळतं.

इथे लोक अडकतात त्या जागा सांगतो.

"मला एकही चित्र मिळत नाही," अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा ढगांची चाळणी बघायला सांगतो. शोधताना ढगांचं कमाल प्रमाण किती चालेल ते ठरवता येतं, आणि माणूस साहजिकच ते १० टक्क्यांवर ठेवतो. पण हे प्रमाण मोजलेलं असतं सबंध टाइलवर, म्हणजे चित्राच्या एका चौकोनी तुकड्यावर, आणि एक टाइल सुमारे ११० किलोमीटर लांब आणि तितकीच रुंद असते. म्हणजे जवळजवळ दोन जिल्हे. धाराशिवकडे आभाळ भरलेलं आणि आपल्या शिवारावर ऊन, असं जुलै-ऑगस्टमध्येही होतं. चाळणी शंभरवर ठेवा आणि तारखा एकेक करून डोळ्यांनी बघा. खरीप हंगामात अशी तीन-चार तरी चित्रं मराठवाड्यात हाती लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आशा कमीच.

"चित्र काळपट आणि धुरकट आहे, काहीच कळत नाही." साध्या रंगातलं चित्र सोडून द्या. लेअरच्या यादीत फॉल्स कलर आहे, तो लावा. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण हिरवी पानं जोरात परत पाठवतात, आणि या लेअरमध्ये ते लाल रंगात दाखवतात. त्यामुळे उभं पीक लालभडक, नांगरलेली काळी जमीन निळसर-करडी, पाणी जवळजवळ काळं. एप्रिलमध्ये सगळं शिवार करडं असताना ओलिताचे तुकडे असे उठून दिसतात की गावातला कोण कुठे ऊस ठेवतो ते घरबसल्या सांगता येईल. एनडीव्हीआयचा लेअरही तिथेच आहे. तो पिकाचा हिरवेपणा आकड्यात दाखवतो.

"झूम केलं तर ठोकळे दिसतात." बरोबर आहे, ते ठोकळे हाच तो एकेक आर. त्याच्या पुढे या चित्रात काही नाही. इंटरनेटवर अशी चित्रं धारदार करून देणारी साधनं मिळतात, पण त्यातले जास्तीचे बारकावे अंदाजाने भरलेले असतात. जमिनीच्या प्रश्नात अशा चित्रावर विसंबून कुणाशी वाद घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मुंबईत राहणाऱ्या एका ओळखीच्या ताईंना शंका होती की माहेरची पडीक जमीन कुणीतरी परस्पर कसतंय. आम्ही तीन वर्षांची नोव्हेंबर-डिसेंबरमधली चित्रं फॉल्स कलरमध्ये शेजारी शेजारी ठेवली. पहिल्या वर्षी त्यांचा तुकडा करडा, पुढच्या दोन वर्षी लाल, आणि लाल रंगाची कड शेजारच्या शेताशी अगदी एकजीव. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण गावाला जाऊन कुणाशी काय बोलायचं ते त्यांना कळलं. असं काम स्वच्छ पण तीन वर्षं जुन्या चित्राने कधीच झालं नसतं.

पावसाळ्यात ढगाआडचं

२०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा सगळ्यांना एकच हवं होतं: पाणी शेतात कुठवर आलं? साधी चित्रं उघडली की नुसता ढगांचा कापूस. अशा वेळी सेंटिनेल-१ बघायचा. तो रडारवर चालतो, स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्यामुळे ढग आणि रात्र यांची त्याला अडचण नाही. त्याच कोपर्निकस ब्राउझरमध्ये वरून उपग्रह बदलला की झालं. चित्र काळं-पांढरं असतं. साचलेलं शांत पाणी लहरी दुसरीकडे उडवून देतं, म्हणून ते काळं दिसतं. एकच चित्र बघून निष्कर्ष काढू नका. पुराआधीचं आणि पुरानंतरचं अशी जोडी लावा आणि नव्याने काळं झालेलं तेवढंच पाणी धरा. उपग्रहाची फेरी काही दिवसांच्या अंतराने येते. पाणी रात्री चढून दुसऱ्या संध्याकाळी ओसरलं असेल तर ते कोणत्याच चित्रात सापडणार नाही. म्हणून नुकसानीच्या वेळी मोबाइलने काढलेले, लोकेशन आणि वेळ उमटलेले फोटो हेच पहिलं काम. पंचनाम्याच्या वेळी ते दाखवता येतात, उपग्रह चित्र हा जोडीचा आधार.

हद्दीचा प्रश्न वेगळा ठेवा

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की गटाचा आकार आणि शेजारचे गट दिसतात. आपला गट चित्रात ओळखायला तो फार उपयोगी आहे. पण ही रेघ उपग्रह चित्रावर ठेवून "शेजाऱ्याने माझे दोन गुंठे दाबले" असं कृपा करून ठरवू नका. हे गाव नकाशे मूळच्या जुन्या कागदी नकाशांवरून संगणकात आणलेले आहेत, आणि उपग्रह चित्र स्वतःही जमिनीवरच्या खऱ्या जागेपासून काही मीटर सरकलेलं असतं. एकाच विहिरीचं २०१८चं आणि २०२३चं चित्र वरखाली ठेवून बघा, विहीर हललेली दिसेल. दोन्हीकडची चूक एकत्र आली की दोन गुंठे सहज निघतात. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, दुसरा रस्ता नाही.

गावात ड्रोनने मोजणी झाली होती, ती चित्रं कुठे मिळतील, असंही विचारतात. ती स्वामित्व योजना, एप्रिल २०२०मध्ये सुरू झालेली. ती गावठाणातल्या घरांसाठी आहे, शेतजमीन त्यात येत नाही.

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९पासून आहे. भारतीय उपग्रहांची चित्रं आणि भूवापराचे नकाशे तिथे मिळतात, ताजेपणासाठी मात्र मी तिकडे जात नाही. थोडं तंत्र येत असेल तर राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं भूनिधी हे संकेतस्थळ बघा. २०२३च्या अंतराळ धोरणाने ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं सगळ्यांना मोफत खुली करायचं ठरवलं आहे, आणि भारतीय उपग्रहांवरच्या लिस-४ या कॅमेऱ्याची ५.८ मीटरची चित्रं सेंटिनेलपेक्षा बारीक असतात. ती उतरवून क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी लागतात, ही त्यातली मेहनत. खाजगी कंपन्यांकडून नवं चित्र विकतही घेता येतं, पण मागणी चौरस किलोमीटरमध्ये करावी लागते, आणि एक चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर. एकट्याला परवडणारं नाही. शेतकरी गटाने किंवा पाणलोटाच्या कामासाठी गावाने मिळून विचार करावा.

स्वच्छ आणि ताजं दोन्ही हवंच असेल तर ड्रोन. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या हवाई भागात, ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक परवान्याचीही गरज नाही. आपलं शेत हिरव्या क्षेत्रात आहे का ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी तपासा.

तळ्याचं काय झालं

भावाच्या तळ्यासाठी यातलं काहीच विकत घ्यावं लागलं नाही. फितीत उजव्या टोकालाही तळं नव्हतं. सेंटिनेलच्या जानेवारीतल्या चित्रात मात्र मधले पाच ठिपके काळे होते, म्हणजे तळ्याची जागा आणि पाणी दोन्ही कळलं. मग भावाला तळ्याच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून एकेक लोकेशन पाठवायला सांगितलं, पाचवं वरच्या तुकड्यातल्या व्हॉल्व्हच्या जागेवरून. ते पाच बिंदू गूगल अर्थ प्रोमध्ये त्याच जुन्या, स्वच्छ चित्रावर बसवले. तळं चित्रात नव्हतं, पण त्याभोवतीचे बांध, ओढा, बाभळी सगळं होतं, आणि पाइप कुठून न्यायचा ते त्यावरूनच ठरणार होतं. पट्टीने रेघ ओढली, ३१२ मीटर भरली. सहा मीटरचा एक पाइप, म्हणून ५२ सांगितले.

प्रत्यक्षात ५५ लागले. काकांनी ओढ्याकाठच्या जुन्या लिंबाची मुळं तोडू दिली नाहीत, आणि चारी त्याला वळसा घालून गेली. ते झाड चित्रात होतं. मी रेघ ओढताना त्याच्या खालूनच नेली होती, तेव्हा आता मोजून झालं की काकांना फोन लावून रेघेवर कोणकोणती झाडं येतात ते विचारतो.